चौथी भाषा

स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी येऊन मला अकरा वर्षं झाली. स्टेशनात उभ्या असलेल्या लाल गाड्यांवर रेल्वेचं नाव तीन भाषांत लिहिलेलं असतं. त्यातलं ‘व्हियाफिअर रेटिका’ मी पहिली दोन वर्षं इटालियनच समजत होते. शेजारच्या आजींजवळ तसं बोलून गेले आणि त्या एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझे वडील सांगायचे, इटलीवाले हेच म्हणायचे.”

ते नाव रोमान्श भाषेतलं होतं. १८४८च्या राज्यघटनेत जर्मन, फ्रेंच आणि इटालियनला मान मिळाला, रोमान्शला नाही. पुढे मुसोलिनीच्या काळात इटलीत हाकाटी वाढली की रोमान्श ही इटालियनचीच बोली. बोली आपली म्हटली की मुलूखही आपला म्हणायला कितीसा वेळ? स्विस लोकांनी २० फेब्रुवारी १९३८ रोजी मतदानानेच उत्तर दिलं. दहांतल्या नऊहून अधिक मतांनी रोमान्श चौथी राष्ट्रभाषा झाली. ती बोलणारे तर शंभरात एकही भरत नाहीत. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

पण मान मिळाला तरी कारभारात जागा मिळाली नव्हती. रोमान्श माणसांशी व्यवहार करण्यापुरती का होईना, ती केंद्राची अधिकृत भाषा व्हायला १९९६ उजाडलं.

मधल्या काळात घरातच वाद पेटला होता. रोमान्शच्या लेखी बोलीच पाच. १९८२ मध्ये हाइनरिश श्मिड या प्राध्यापकांनी त्यांतून एक सामाईक लेखी भाषा बांधली. सरकारी कागदांना ती सोयीची झाली. पुढे शाळेची पुस्तकंही तिच्यात येऊ लागली, तेव्हा मात्र आईबाप उठले आणि कित्येक गावांनी मुलांना पुन्हा आपापल्या बोलीकडे नेलं. मला त्यांचंच पटतं. मालवणी किंवा अहिराणी घरातलं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी कसं बावरतं, हे पाहिलेल्या माणसाला हा हट्ट वाटणार नाही.

आजींची बोली सुर्सिल्वान, त्या पाचांतली एक. रोज सकाळी जिन्यात मी “बिएन दी” म्हणते, त्या माझा उच्चार सुधारतात. त्यांची नात झुरिकमध्ये वाढतेय. तिची शाळा जर्मन. आजी तिला दर महिन्याला सुर्सिल्वानमध्ये पत्र लिहितात. खाली जर्मन अर्थ देत नाहीत. अडलेले शब्द विचारायला नात फोन करते.