फरशी आणि निवृत्ती : सल्ला कुणाला विचारायचा?

मंडईत भाजी घेता घेता आपण दहा सल्ले फुकट घेतो. फरशीचे डाग कशाने जातात आणि निवृत्तीचे पैसे कुठे ठेवावेत, हे दोन्ही प्रश्न इथे एकाच सुरात विचारले जातात. उत्तरंही सारख्याच खात्रीने मिळतात. पण हे दोन प्रश्न एका जातीचे नाहीत.

आधी फरशी घेऊ. जुन्या घरांतली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर बाथरूमचं ॲसिड ओतलं की फेस येतो, आणि आपल्याला वाटतं मळ निघतोय. खरं तर दगडच विरघळत असतो! पुढे फरशी खडबडीत होते आणि जास्तच मळते. लिंबू, व्हिनेगर ही आम्लंच. तिला सौम्य साबणाचं पाणी बरं. म्हणजे इथे विचारायचं एवढंच, की दगड कोणता? तो कळला की उत्तर सगळ्यांना एकच. शंका असेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात करून बघा.

निवृत्तीला असा कोपरा नसतो. हिशेब मात्र करता येतो. महागाई 6 टक्के धरा. 72 ला 6 ने भागा, 12 आले. म्हणजे साठाव्या वर्षी महिना 30,000 रुपये लागत असतील, तर बहात्तराव्या वर्षी 60,000 लागतील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत 5 वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. पेन्शन असलेल्या शेजाऱ्याला ते पुरेल. पेन्शन नाही आणि घर भाड्याचं, अशा माणसाला तेवढंच व्याज पुढे अपुरं पडेल.

आणि हिशेबाच्या आधी एक प्रश्न उरतोच. पैसा कशासाठी? स्वतःच्या औषधपाण्यासाठी, की मुलाच्या फ्लॅटसाठी? ही मंडई बांधायची ठरली तेव्हा महात्मा फुले नगरपालिकेत होते. एवढा पैसा बाजारावर नको, शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1886च्या सुमाराला मंडई उभी राहिली, आणि आज नाव त्यांचंच आहे. इमारत कशी बांधायची हे इंजिनिअर सांगू शकत होता. पैसा आधी कशावर, हे ठरवणं त्याचं काम नव्हतं.

ॲरिस्टॉटल म्हणतो, तरुण मुलगा भूमितीत निपुण होईल, पण व्यवहाराच्या शहाणपणाला अनुभव लागतो. मी पुढे एवढंच जोडतो, की तो अनुभव दुसऱ्याच्या आयुष्याचा असून भागत नाही. म्हणून फरशीचा सल्ला जाणकाराकडून खुशाल घ्या. पैशाचा सल्ला देणारा मात्र तुमचा खर्च, आजारपण, अवलंबून असलेली माणसं यांबद्दल काही न विचारताच योजनेचं नाव सांगू लागला, तर सही करू नका. आणि या विक्रीतून तुम्हाला किती मिळणार, हे त्याला जरूर विचारा. त्यात संकोच कसला?