हात खिशात

बालरोग विभागातल्या पहिल्या सकाळी मॅडमनी आम्हा बारा जणांना एका खाटेभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "हात खिशात घाला." आईच्या मांडीवर दहा महिन्यांचं पोर झोपलं होतं. आम्ही नुकतेच मेडिसिनचं पोस्टिंग संपवून आलेलो. पेशंटजवळ गेलं की आधी नाडी, मग रक्तदाब, मग डोळ्याची खालची पापणी, हा क्रम हातांत मुरलेला. एकाने सवयीने स्टेथोस्कोप छातीला टेकवला. तो थंडगार होता. पोर दचकून उठलं आणि पुढची वीस मिनिटं त्या वॉर्डात कुणाला कुणाचं काही ऐकू आलं नाही. "झालं," मॅडम म्हणाल्या, "आता याचे श्वास उद्या मोजा."

एमबीबीएसमध्ये पेड्सचं, म्हणजे बालरोगाचं पोस्टिंग सलग येत नाही, तुकड्यांनी येतं. दुसऱ्या वर्षात थोडं, पुढच्या वर्षांत थोडं आणि इंटर्नशिपमध्ये पुन्हा. तेव्हा मात्र शिकायला कमी, राबायला जास्त. एके काळी हा विषय मेडिसिनच्या पेपरातलं एक शेपूट होता. आता परीक्षा वेगळी, नापास होण्याची सोयही वेगळी. येताना बहुतेकांची समजूत अशी, की बालरोगावरचं घईंचं पुस्तक वाचलं आणि मोठ्या माणसाचा डोस थोडा कमी केला की भागलं.

भागत नाही. इथे तपासण्याचा क्रम मूल ठरवतं. झोपलंय तोवर श्वास मोजून घ्यायचे, गप्प आहे तोवर हृदयाचे ठोके ऐकून घ्यायचे. घसा आणि कान अगदी शेवटी, कारण एकदा घशात चमचा घातला की मैत्री संपली. ॲप्रनच्या एका खिशात टॉर्च आणि मोजपट्टी, दुसऱ्यात खुळखुळा, लाल लोकरीचा गोंडा आणि मनुका. लाल गोंडा नजरेसमोरून फिरवला की डोळे मागे येतात का, मनुका अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरता येते का, यावरून वाढ जोखायची. ही चिमूट नवव्या महिन्याच्या आसपास जमते. मनुका मात्र परत घ्यायला विसरायचं नाही. हे मला सिस्टरांनी शिकवलं, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात.

तर श्वास. १५ सेकंद मोजून चारने गुणायची चोरवाट मोठ्यांच्या वॉर्डात खपते. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भरभर घेतं, मध्येच काही सेकंद थांबतं. म्हणून पूर्ण एक मिनिट, तेही पोटाकडे बघत, कारण एवढी लहान मुलं पोटाने श्वास घेतात. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, असे श्वास भरले आणि खोकला असला की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. एक्स-रे नंतर. विद्यार्थ्याला हे साठ सेकंद फार लांब वाटतात. चाळिसाव्या सेकंदाला पोर कूस बदलतं आणि आकडा हरवतो. पुन्हा पहिल्यापासून.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे काम ज्यांच्यावर सोपवलं, त्या गावातल्या दाया होत्या, साठपर्यंत मोजण्याची सवय नसलेल्या. त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं गेलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर औषध सुरू. न्यूमोनिया ओळखायला डिग्री लागत नाही, मिनिटभर धीर लागतो, हे मला वॉर्डापेक्षा त्या मण्यांच्या चित्राने जास्त पटवलं.

पोस्टिंगमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे हिस्ट्री. केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहायचं असतं: माहिती सांगणारी व्यक्ती आई, विश्वासार्ह. तिची विश्वासार्हता एकविसाव्या वर्षी आपण ठरवतो, याचं तेव्हा काही वाटत नाही. ती म्हणते, "छाती उडतेय." ती म्हणते, "टाळू खोल गेलीय." ती म्हणते, "कालपासून अंगावर पीत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून रेसिडेंट हातातला चहा ठेवून उठतो आणि आपण अजून वहीत बाळाचा पत्ता लिहीत असतो. प्रश्न विचारायलाही भाषा लागते. "लघवीचं प्रमाण कसं आहे?" याला उत्तर येत नाही. "सकाळपासून किती लंगोट बदलले?" याला बरोबर आकडा येतो. "सगळे डोस झालेत" यावर थांबायचं नाही, कार्ड मागायचं आणि डाव्या दंडावर बीसीजीची खूण बघायची. आनुवंशिक आजाराचा संशय आला म्हणून मी एका बाईंना विचारलं, "ताई, तुमचं लग्न नात्यात झालंय का?" त्या ठामपणे नाही म्हणाल्या. बरंच पुढे गेल्यावर कळलं, की नवरा सख्ख्या मामाचा मुलगा. "तो नात्यातला कुठला, घरातलाच की!"

डोसाचं गणित जेवढं सोपं दिसतं तेवढंच घातक. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला १२०. आता बाटली कुठली? पाच मिलीत १२० वाली असेल तर पाच मिली, पाच मिलीत २५० वाली असेल तर २.४ मिली, आणि मिलीला १०० वाले थेंब असतील तर फक्त १.२ मिली. औषध एकच, ताप तोच. "एक चमचा द्या" म्हणून मोकळं होणाऱ्याने या तीन बाटल्या एकदा शेजारी ठेवून बघाव्यात. दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर डोस दहापट होतो, म्हणून आमच्या युनिटमध्ये हिशेब मोठ्याने बोलून दाखवायचा नियम होता. लाज वाटायची.

इंटर्नशिपमध्ये शीर शोधणं येतं. मावशी बाळाला चादरीत अशी गुंडाळतात, की एक हात तेवढा बाहेर. अंधार करून तळव्याखाली टॉर्च धरला की तो इवलासा पंजा लालसर उजळतो आणि त्यात शिरेची काळी रेघ दिसते. २४ नंबरची पिवळी सुई, श्वास रोखलेले तीन जण आणि दाराबाहेर उभी आई. पहिल्या आठवड्यात माझी एकही लागली नाही. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही घाबरता ते त्याला कळतं." वैद्यकशास्त्रात याला पुरावा नाही, पण मी त्यांचं ऐकलं.

नवजात कक्ष विद्यार्थ्याला बहुतेक काचेतूनच दिसतो, आणि ते बरंच आहे. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुऊन आत. निळ्या दिव्याखाली डोळे झाकलेली कावीळवाली बाळं, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलेलं सव्वा किलोचं एखादं. अशाच बाळांसाठी मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. जिचं दूध कमी पडतं तिच्या बाळासाठी दुसऱ्या आईचं, पाश्चराइझ करून गोठवलेलं दूध.

कुपोषित मुलांची खोली वॉर्डाच्या टोकाला असते. तिथे मला एक अकरा महिन्यांचा मुलगा मिळाला. वजन ५.१ किलो, दंडाचा घेर ९.८ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली म्हणजे पट्टीवर लाल. लाल गोंडा दाखवला, त्याने पाहिला नाही. खुळखुळा वाजवला, मान वळवली नाही. रडलाही नाही. रडणाऱ्या पोरांना वैतागलेल्या मला ती शांतता आधी सोयीची वाटली, मग नकोशी झाली.

त्याला दर दोन तासांनी एफ-७५ नावाचं पातळ दूध जेमतेम ५५ मिली द्यायचे. आजी भांडायला उठली, "बाळा, पोरगं आधीच उपाशी, त्यात तुम्ही एवढंसंच पाजता?" तिला काय सांगणार, की इतक्या दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम पोटभर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदयाला ते झेपत नाही. तरी मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी त्याने वाटी संपवून वाटीकडे बघत भोकाड पसरलं. रेसिडेंट खुशीत म्हणाला, "भूक आली रे याला!" मग जास्त कॅलरीचं एफ-१०० सुरू झालं.

पोस्टिंगच्या शेवटच्या शनिवारी मी वजन टिपायला गेलो. आजी शेजारच्या बाईशी बोलत मुरमुरे खात होती. एक चादरीवर सांडला. पोराने तो आधी पूर्ण पंजाने ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग हात वळवला, अंगठा पुढे आणला, बोट टेकवलं आणि मुरमुरा उचलला.

"अहो, तोंडात घालतोय तो!" सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्या. मी मुरमुरा काढून घेतला. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असा सूर लावला.