रेडिएशननंतर दाढ काढावी की ठेवावी?

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन होते, तपासण्या चांगल्या येतात, घरात शुक्रान्याची नमाज अदा होते. दोन-तीन वर्षांनी एखादी दाढ ठणकू लागते. गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ती काढून टाकावी, असे वाटते. पण शेक घेतलेल्या जबड्यासाठी हे काम साधे नसते.

किरणे गाठीसोबत हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. एरवी दात काढल्यावर जखम काही आठवड्यांत भरते. इथे ती उघडीच राहू शकते आणि हाड हळूहळू मरते. डॉक्टर याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या जबड्याला हा धोका जास्त, आणि मात्रा ६० ग्रेच्या पुढे गेली असेल तर आणखी जास्त. ‘आता पाच वर्षे झाली’ म्हणून तो संपत नाही.

मग दाढ तशीच ठेवावी का? तेही धोक्याचेच. लाळ कमी झाल्याने दात हिरडीलगत झपाट्याने किडतात आणि मुळाशी साचलेला पू हाडाला इजा करतो.

आमच्या अब्बांच्या खालच्या दाढेच्या वेळी आम्ही याच पेचात होतो. दंतवैद्यांनी आधी रेडिएशनचा कागद मागितला: मात्रा किती, नेमकी कुठे? मग त्यांनी रूट कॅनाल करून दाढेचा वरचा भाग हिरडीपर्यंत कापला, मुळे जागीच ठेवून तोंड बंद केले. हाडाला जखमच झाली नाही. दाढ हलत असेल किंवा तोंड पुरेसे उघडत नसेल, तर मात्र हा मार्ग चालत नाही.

काढावीच लागली तर मुखशल्यचिकित्सकाकडूनच काढावी, कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारून. दाब-ओरखडा कमीत कमी, प्रतिजैविके, आणि जखम भरेपर्यंत वारंवार तपासणी. काही ठिकाणी त्याआधी दाबाखालील ऑक्सिजनचे महागडे उपचार सुचवतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही. ऑक्सिजन घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत शंभरातल्या सुमारे सहा जणांचे हाड बिघडले. म्हणजे धोका खरा आहे, पण नीट काळजी घेतली तर बहुतेकांची जखम भरते. खर्च करण्यापूर्वी हे जरूर विचारावे.

साधे फिलिंग किंवा दात साफ करणे यांना घाबरू नये. उलट त्यानेच काढण्याची वेळ टळते. डॉक्टरांनी दिलेले फ्लोराइड जेल रोज लावावे, पाण्याचे घोट घ्यावेत, ब्रश मऊ असावा. मिसवाक वापरायचा तर चांगला भिजवून, हिरडीवर न घासता. मिश्री, गुटखा, तंबाखू, सुपारी पूर्ण बंद. रमजानात कोरड्या तोंडाचा त्रास वाढत असेल तर डॉक्टरांशी बोलावे. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे.

ज्यांचे रेडिएशन अजून व्हायचे आहे, त्यांनी आधीच दात तपासून घ्यावेत. खराब दात शेक सुरू होण्यापूर्वी किमान दोन आठवडे काढले, तर जखम भरायला वेळ मिळतो.

हिरडीतून हाड दिसू लागले, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, खालचा ओठ बधिर झाला, तर वाट पाहू नये. आणि रेडिएशनचा तो कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक दंतवैद्याला तो आधी दाखवावा, खुर्चीत नंतर बसावे.