हेडफोनचा जॅक मुका होतो तेव्हा

लॅपटॉपला हेडफोन लावावा आणि कानी काहीच पडू नये, किंवा एकाच कानात आवाज यावा, हा अनुभव आता घरोघरीचा झाला आहे. अशा वेळी ‘जॅक गेला’ असा निवाडा करून मनुष्य मोकळा होतो, आणि प्रसंगी सबंध मदरबोर्ड बदलण्याच्या खर्चात पडतो. वास्तविक दोष जॅकमध्येच असतो असे नाही. तो नेमका कोठे आहे, हे आधी पाहणे अगत्याचे असते.

ही जोडणी मुळात टेलिफोनची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलिफोन-केंद्रांत एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेशी जोडण्यासाठी पाव इंच जाडीची पिन वापरात आली. आजची ३.५ मिलिमीटरची पिन हे तिचेच धाकटे भावंड होय. १९७९ मध्ये निघालेल्या वॉकमनने ते घरोघरी नेले. पिनेवरील बारीक वर्तुळे तिचे भाग पाडतात. टोकातून डाव्या कानाचा आवाज जातो, लगतच्या कड्यातून उजव्या कानाचा. आणखी एक भाग दोहोंचा समाईक परतीचा मार्ग असतो. पिनेचे चार भाग असतील, तर जादा मार्ग मायक्रोफोनचा समजावा. खाचेत या भागांना टेकणाऱ्या लवचिक पट्ट्या असतात. पिन आत आल्याची वर्दी देणारा स्विचही असतो. ती वर्दी मिळाली की संगणक आवाज हेडफोनकडे वळवितो.

एवढे ध्यानी आले म्हणजे परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम तोच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहावा. तेथेही तो मुका राहिला, तर बहुधा पिनेजवळची तार आत तुटलेली असते. हेडफोन शाबूत असल्यास लॅपटॉपच्या ध्वनिविषयक सेटिंग्जकडे वळावे. आवाज ब्लूटूथ स्पीकरकडे किंवा जोडलेल्या पडद्याकडे जात असतो, आणि ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ असा प्रकार घडतो. लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करणेही इष्ट.

त्यानंतर खाच तपासावी. पिशवीतील धूळ व कपड्यांचे तंतू आत दबून बसले की पिन पुरती आत जात नाही. मग वर्दी पोचत नाही आणि स्पीकर वाजतच राहतो. लॅपटॉप बंद करून, विजेची तार काढून, हवेच्या फुग्याने किंवा लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने मळ काढावा. सुई वा टाचणी कदापि घालू नये. तिने पट्ट्या वाकतात.

इतके करूनही चांगल्या हेडफोनची पिन हलविताच आवाज येत-जात असेल, तर पट्टी सैल झाली आहे किंवा सोल्डरचा सांधा तडकला आहे, असे समजावे. हे काम कारागिराचे. मात्र काही लॅपटॉपांत जॅक छोट्या स्वतंत्र पट्टावर असतो व तेवढाच पट्ट बदलता येतो. मदरबोर्डवर असला तरी कुशल कारागीर बहुधा जुना जॅक काढून नवा बसवू शकतो. म्हणून मदरबोर्ड बदलण्यास संमती देण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी. दरम्यान यूएसबीला जोडावयाच्या स्वस्त ध्वनि-जोडणीवर काम भागते. विद्यार्थ्याचा अभ्यास त्यामुळे अडून राहत नाही, आणि दुरुस्तीचा निर्णय घाईने घ्यावा लागत नाही.