विमानप्रवासात वॉटर स्की : भरपाईपेक्षा बांधणी मोलाची

नवी दिल्ली : दिल्लीहून गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा श्रीनगरच्या दल सरोवरात सरावासाठी विमानाने जाणाऱ्या वॉटर स्कीपटूपुढे स्की सुखरूप पोहोचवण्याचा प्रश्न असतो. स्लॅलम प्रकारातील प्रौढांची स्की साधारण १६५ ते १७५ सेंटिमीटर लांब असल्याने ती केबिनमध्ये मावत नाही. सामानकक्षातच सोपवावी लागते.

स्कीची दोन्ही टोके, तळाची धातूची फिन आणि पाय अडकवण्याचे बाइंडिंग यांना सर्वाधिक धोका असतो. फिन व बाइंडिंग काढून वेगळे ठेवावे. मात्र त्यापूर्वी त्यांच्या जागेची अचूक मापे नोंदवावीत. फिन मिलिमीटरच्या अंशाने सरकली, तरी स्कीचे वळण बदलते. टोकांना जाड फोम लावून, भोवती वेटसूट व लाइफ जॅकेट गुंडाळून स्की कडक पेटीत ठेवावी. नगाचे वजन ३२ किलोंपेक्षा कमी असावे. पेटी बंद करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत.

ही काळजी आवश्यक ठरते, कारण भरपाईला मर्यादा आहे. देशांतर्गत प्रवासात ती कमाल २०,००० रुपये आहे. स्पर्धेच्या दर्जाची स्की त्याहून कितीतरी महाग असते. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. सामान सोपवतानाच अधिक मूल्य जाहीर करून आवश्यक शुल्क भरल्यास ती वाढू शकते.

पेटी विमानतळावरच उघडून पाहावी. नुकसान आढळल्यास बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीकडे नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार न केल्यास दाव्याचा हक्क सामान्यतः संपुष्टात येतो.