मिसळणाचा डबा कोणी हलवला?
लेखमाला : पडद्यावरचं टेबल | लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण झेरॉक्सच्या ‘स्टार’ संगणकापर्यंत आलो होतो. १९८१ साली आलेल्या या यंत्राने कचेरीतलं टेबल पडद्यावर मांडलं. कागद, फोल्डर, टपालाच्या पेट्या, सगळं चित्ररूपात. टेबल आलं, तसा टेबलावरचा पसाराही आला. तो आवरायचा कोणी, हा आजचा विषय.

एखाद्या कर सल्लागाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी जीएसटीचं विवरणपत्र. एक्सेलची फाइल, सरकारी पोर्टल आणि अशिलाने पाठवलेली बिलं उघडी आहेत. अकराला दुसऱ्याच अशिलाचा फोन येतो, त्याला प्राप्तिकराची नोटीस आलीय. आता तीन वर्षांपूर्वीची कागदपत्रं हवीत, जुन्या ईमेल हव्यात. संध्याकाळी हेच गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायला बसतात. माणूस तोच, पडदाही तोच, पण प्रत्येक कामाचं सामान वेगळं. दर वेळी काही विंडो बाजूला सारायच्या, झाकल्या गेलेल्या शोधायच्या, पुन्हा मांडामांड करायची.

हा त्रास झेरॉक्सच्याच पार्क संशोधन केंद्रातल्या ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी नेमका हेरला. १९८६ साली त्यांनी ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली. तिच्यामागची कल्पना मात्र पडद्याशी संबंधित नव्हती, ती संगणकाच्या स्मृतीच्या अभ्यासातून आली होती. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवलं होतं की, कुठलाही प्रोग्रॅम एका वेळी आपल्या सगळ्या माहितीपैकी थोडीच वापरतो. तेवढा ‘चालू संच’ हाताशी असला की काम सुरळीत चालतं. तो मावला नाही, तर यंत्राचा सगळा वेळ आणण्या-नेण्यातच जातो.

आपल्या स्वयंपाकघरात हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या नांदतंय. मोहरीची बरणी फडताळात असते, पण फोडणीला लागेल तेवढी मोहरी मिसळणाच्या डब्यात. जिरं, हळद, तिखट तिथेच. रोजच्या स्वयंपाकाचा तो चालू संच. दिवाळीच्या फराळाला ओट्यावर वेगळंच सामान येतं, सत्यनारायणाला आणखी वेगळं.

‘रूम्स’मध्ये प्रत्येक कामाची एक खोली. दार उघडून दुसऱ्या खोलीत गेलं की तिथल्या विंडो ठेवल्या होत्या तशाच हजर. एकच विंडो दोन खोल्यांत, वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात ठेवता येई. घड्याळासारखी सगळीकडे लागणारी वस्तू ‘खिशात’ घालून नेता येई. आज विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अनेक डेस्कटॉप उघडता येतात, ते याच घराण्यातले. लिनक्सवरच्या केडीईने तर ‘ॲक्टिव्हिटीज’ नावाने कामागणिक वेगळा डेस्कटॉप देऊ केला.

अडचण एवढीच की, खोल्या बांधायच्या आपण आणि एकीतून दुसरीत जायचंही आपणच. घाईत असलेला माणूस हे विसरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या व्हिक्टर गोन्झालेस आणि ग्लोरिया मार्क यांनी कचेरीत बसणाऱ्यांच्या मागे सावलीसारखं राहून नोंदी केल्या. २००४ साली त्यांनी सांगितलं की, लोक सरासरी सुमारे ३ मिनिटं एका गोष्टीवर टिकतात. एकमेकांशी जोडलेल्या गोष्टींचं मिळून जे काम होतं, त्यावरही सुमारे १२ मिनिटंच. इतक्या वेळा खोली कोण बदलणार?

मग यंत्रानेच ओळखावं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात ‘टास्कट्रेसर’ हा प्रकल्प त्यासाठीच चालला. कोणती विंडो पुढे आहे, तिच्या शीर्षकात कोणते शब्द आहेत, फाइल कुठल्या फोल्डरमधली, ईमेल कोणाची, या खुणा गोळा करायच्या आणि त्यांवरून अंदाज बांधायचा. नोटिशीची फाइल आणि त्या अशिलाची ईमेल पाठोपाठ उघडली, तर दोन्ही एकाच कामाच्या असण्याची शक्यता वाढते. पण ईमेलची विंडो तर प्रत्येक कामात उघडी असते, म्हणून एकट्या तिच्यावरून काहीच ठरत नाही.

अंदाज चुकणारच. प्रश्न असा की, चूक झाली तर किंमत काय? मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये मेनू स्वतःहून बदलत. फारशी न वापरलेली आज्ञा लपे, वापरली की वर येई. कल्पना चांगली, पण काल जिथे होती तिथे आज्ञा आज दिसेना. ऑफिस २००७ च्या वर्ड-एक्सेलमध्ये त्या मेनूंची जागा रिबनने घेतली. मॅकवर अलीकडे वापरलेल्या डेस्कटॉपनुसार क्रम आपोआप बदलणारी सोय आजही आहे, पण सवयीने उजवीकडे जाणारा माणूस भलतीकडेच पोहोचतो आणि ती सोय बंद करून टाकतो.

कारण वस्तू आपल्याला जागेवरून आठवते. गृहिणीचा हात न बघता मोहरीच्या वाटीवर जातो. एखाद्या हौशी पाहुणीने डबा घासून-पुसून वाट्यांच्या जागा बदलल्या, तर डबा लखलखेल, पण तेल तापलेलं असताना हात मेथीवर पडेल.

टास्कट्रेसरमधली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणूनच सर्वांत साधी होती. फाइल उघडताना किंवा जतन करताना, चालू कामावरून अंदाज बांधून ती तीन फोल्डर समोर ठेवी. बरोबर निघाले तर शोधाशोध वाचली, चुकले तर आपली फोल्डरं होती तिथेच. फराळाच्या दिवशी रव्याचा डबा न सांगता ओट्यावर काढून ठेवणारी मदतनीस अशीच असते. मिसळणाच्या डब्याला ती हात लावत नाही.

अर्थात, काढून ठेवायचं तर आधी बघावं लागतं, आणि इथे बघणारं यंत्र आपली प्रत्येक फाइल, प्रत्येक ईमेल बघतं. ही नोंद आपल्याच संगणकावर राहते की बाहेर जाते, ती पुसता येते का, हे विचारल्याशिवाय अशी सोय सुरू करू नये. कर सल्लागाराच्या पडद्यावर तर दुसऱ्यांचे हिशेब उघडे असतात.

तोवर एक साधा प्रयोग करा. विंडोजवर ‘विंडोज’ आणि ‘टॅब’ या कळा एकत्र दाबा, एक नवा डेस्कटॉप उघडा आणि तिथे फक्त एकाच कामाचं सामान मांडा. पुढच्या आठवड्यात एक वेगळी वाट पाहू : जागाच लक्षात ठेवायला नको, नुसतं नाव टाइप करून शोधावं, असं म्हणणाऱ्यांची.