समजून घ्या : चुन्याशिवाय दगड उभे कसे राहतात? उत्तर फ्रान्समध्येही, औंढ्यातही!

युरोप पाहायला जाणाऱ्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना फ्रान्समधला 'पाँ दु गार' हा रोमन जलसेतू खुणावतो. उंची सुमारे ४९ मीटर, वय जवळपास २ हजार वर्षे. खालच्या दोन मजल्यांच्या दगडांत चुनाच नाही! चुन्याशिवाय दगड बसवण्याची कला हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ मंदिरातही दिसते. मग फरक काय?

पूल कशावर उभा?
कमानींवर. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. दगड दाब सहज सोसतो, ताण मात्र सोसत नाही.

औंढ्यात काय वेगळं?
मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, हेमाडपंती शैलीतला आहे. शिखर नंतरचं. या शैलीचा आधार कमान नव्हे, तर खांब आणि त्यावरची आडवी तुळई. भार आला की तुळईच्या खालच्या बाजूला ताण पडतो. म्हणून खांब जवळजवळ ठेवतात. दगडांना खाचा पाडून ते एकमेकांत अडकवतात. छत मोठं असेल तर प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेतात.

हे कळून फायदा काय?
दुरुस्तीच्या वेळी हेच कामी येतं. जुन्या दगडी सांध्यांत सिमेंट भरलं तर आत शिरलेलं पाणी अडकतं आणि आजूबाजूचा दगड खराब होऊ शकतो. वास्तू कशी उभी आहे हे आधी समजलं, तरच ती नीट जपता येते.

औंढ्याला गेलात तर काय पाहाल?
- दोन खांबांमधलं अंतर
- तुळईची जाडी
- दगडांचे सांधे
- खालचं बांधकाम आणि शिखर यांतला फरक